मार्थाबाईंचं आमेन

मार्थाबाईंच्या दवाखान्यात पहिल्यांदा आलेला खेड्यातला माणूस बहुधा पळून जायचा. सुईला भिऊन नव्हे की औषधाला भिऊन नव्हे. 'आमेन'ला भिऊन.

त्याचं असं होतं. आमचं हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्यात पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला म्हणत अमीन. अमीनसाहेब आले म्हटलं की खेड्यातला माणूस वहाणा हातात घेऊन शेताची वाट धरायचा. इकडे मार्थाबाईंची रीत अशी, की सकाळी दवाखाना उघडला की ओट्यावर बसलेल्या सगळ्या दुखणाइतांसाठी उभ्या उभ्या डोळे मिटून प्रार्थना करायची आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणायचं, "आमेन!" नवखा माणूस चमकून फाटकाकडे बघायचा आणि फाटकात कोणी नसलं तरी मागच्या कुंपणावरून उडी टाकायचा.

एकदा एका शेतकऱ्याच्या तळपायातला बाभळीचा काटा त्या काढत होत्या. अर्धा बाहेर, अर्धा आत. तेवढ्यात कुणा म्हातारीची मलमपट्टी आटपली म्हणून शेजारच्या खोलीतून मदतनीस ओरडला, "आमेन!" शेतकरी उठला आणि लंगडत रस्त्याने पळत सुटला. मार्थाबाई चिमटा घेऊन मागे. "अरे थांब! काटा मोडला की पाय जाईल तुझा!" तो पळता पळता हात जोडून सांगतोय, "माय, मी काई केलं न्हाई! बांध माझ्या भावानं कोरला, मी फक्त संगं उभा होतो!"

आमच्या अंगणातून मी हे सगळं बघत होते. लग्न होऊन हिंगोलीला आले त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते, आणि सासरी हसायचं नाही असं आईने बजावून पाठवलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मार्थाबाईंनी येता येता ते बघितलं. काटा काढलेल्या चिमट्यासकट कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "हसा वैनी, हसा. दाबून ठिवलेलं हसू पोटात वायू करतं."

पुढे खेड्यांतली माणसं सरावली. इतकी सरावली की 'आमेन' हे औषधाचंच नाव आहे असं त्यांना वाटायला लागलं. "बाई, मागल्या वख्ताला आमेन दिलं होतं, लई गुण आला. त्याचीच पुडी द्या," असं म्हणत माणसं यायची. मार्थाबाई त्यांना समजावून सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "पुडी न्हाई त्याची. ते तोंडानंच घ्यावं लागतं." मुसलमान दुखणाइतांना तर काही अडचणच नव्हती. प्रार्थना संपली की तेही आपला "आमीन" म्हणून मोकळे व्हायचे.

दवाखाना मिशनचा. गोरे डॉक्टर राहायचे सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात, वाशीमला. महिन्यातून एकदा यायचे, चहा प्यायचे, मान डोलावायचे आणि जायचे. बाकी सगळं मार्थाबाई. दवाखान्यामागे ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं आणि त्यांचं लांबट, कौलारू प्रार्थनाघर. त्या घरांतली माणसं सुतारकाम करीत, गवंडीकाम करीत, दोघेतिघे दवाखान्यातच कामाला. त्यांचे पुढारी शमुवेल सुतार. हातभर दाढी, आणि मृदंग असा वाजवायचे की आमच्या विठोबाच्या देवळातला पखवाजी रविवारी सकाळी कुंपणापाशी येऊन उगाच दात घासत उभा राहायचा.

मार्थाबाईंचं चरित्र मला ठाऊक नाही. आईबाप कनेरगावकडचे, गावकुसाबाहेरचे, एका दुष्काळात गेले, मिशनने वाढवलं, नवरा लवकर वारला. एवढंच मला कळलं, तेही शमुवेलांच्या बायकोकडून. स्वतः मार्थाबाई स्वतःबद्दल बोलत नसत. त्यांना तेवढी सवडच नव्हती. जगातल्या इतर सगळ्यांना बोलायचं राहिलेलं असायचं. देह आडवा-उभा भरभक्कम, पांढरं लुगडं, पायात पुरुषी बूट आणि बारा महिने काखेत छत्री. ती छत्री मी पावसात उघडलेली कधी बघितली नाही. तिने त्या बैल हाकायच्या, कुत्री हाकायच्या आणि बायकोला मारणारे नवरे हाकायच्या.

देवाशी बोलण्याची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. आम्ही देवापुढे मागतो ते चाचरत मागतो. मार्थाबाई प्रभूशी बोलायच्या ते कामचुकार कारकुनाशी बोलावं तसं. "प्रभू, कोयनेल संपलं. मागल्या ऐतवारी तुला सांगितलं होतं. लोक थंडीतापानं फणफणून राहिले. तुला दिसून राहिलं का न्हाई? मला दिसून राहिलं. आता मी उद्याच्याला वाशीमला जाते, पण नाक्यावरचं तू बघ."

नाका म्हणजे कनेरगावचा. तिथे निजामाची हद्द संपायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात बसायची. औषधांची पेटी घेऊन मार्थाबाई परत आल्या की तिथला नवा शिपाई हमखास अडवायचा. एकाने विचारलं, "इसमें क्या है?" मार्थाबाई म्हणाल्या, "कडू." तो म्हणाला, "सच बोलो." त्यांनी बाटली उघडली, बोटभर कोयनेल त्याच्या जिभेवर ठेवलं. "चाखून बघ. खोटं निघालं तर पेटी तुझी." तो माणूस संध्याकाळपर्यंत गूळ मागत हिंडत होता म्हणतात. पुन्हा त्या नाक्यावर मार्थाबाईंची पेटी कोणी उघडली नाही.

आमच्या घराशी मात्र त्यांचं जुळलं ते सहजासहजी नव्हे. माझ्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. किरिस्तावणीची सावली नको, तिच्या कोंबड्या अंगणात नकोत, तिच्या प्रार्थनेचा आवाज सुद्धा देवपूजेच्या वेळी नको. आणि अशा सासूबाईंच्या पाठीवर, बरोब्बर मधोमध, हात पोचणार नाही अशा जागी एक गळू झालं. चार दिवस त्या पालथ्या पडून विव्हळत होत्या. वैद्यबुवांनी लेप दिले, गळू आणखी फुगलं. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भीत भीत विचारलं, "आई, मार्थाबाईंना बोलावू का?"

"मी मेले तरी चालेल!" सासूबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या.

हे कुंपणापलीकडे ऐकू गेलं. मार्थाबाई तिथूनच ओरडल्या, "मरायला गळू कशाला पाहिजे माय? पण काहून नको म्हनून राहिल्या तुमी?"

"विटाळ होतो."

"मंग सोवळ्यात फोडते की! मला न्हायला पानी द्या, ओलं लुगडं द्या. तुमी जशा सैपाकाला बसता तशी मी गळवाला बसते."

आतून आधी कण्हणं ऐकू आलं. मग विचारणा झाली, "आणि तो तुझा चाकू?"

"तो उकळत्या पाण्यातून काढते. तुमच्यापरीस तोच जास्त सोवळा हाये."

आणि खरोखरच, आमच्या न्हाणीघराबाहेर मी मार्थाबाईंच्या डोक्यावर घागरी ओतल्या. माझं ओलं लुगडं त्यांना अर्धंच पुरलं. थंडीने कुडकुडत, दात वाजवत, पण डोळ्यांत मिस्कील हसू घेऊन त्या आत शिरल्या आणि सासूबाई रामनाम सुरू करतात न करतात तोच गळू फुटलं होतं. "झालं?" सासूबाई म्हणाल्या. "झालं," मार्थाबाई म्हणाल्या. "आता म्हणा..." सासूबाईंनी दरडावलं, "ते मी म्हणणार नाही." "राम म्हणा माय, राम. मी कुठं काय म्हनले?"

त्या गेल्यावर सासूबाईंनी मला ती जागा शेणाने सारवायला लावली. पट्टी बदलायला त्या रोज यायच्या, रोज मी सारवायची. मग एक दिवस मी शेणाची पाटी घेऊन आले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "राहू दे गं. रोज रोज शेण तरी कुठून आणायचं." दुसऱ्या दिवशी मार्थाबाईंना यायला उशीर झाला, तेव्हा त्याच सासूबाई तीनदा कुंपणापर्यंत जाऊन आल्या.

एका उन्हाळ्यात गावात पटकी शिरली. त्या दिवसांत मला ही दहा-बारा घरं काय आहेत ते कळलं. घरोघरी कड्या लागल्या. सख्खे भाऊ भावाच्या ओकारीला हात लावायला तयार नाहीत. शमुवेल सुतारांनी प्रार्थनाघरातली बाकं बाहेर काढली, त्यांच्याच खाटा ठोकल्या आणि आत दुखणाईत आणून टाकले. त्यांच्या बायका पाण्याची पिंपं उकळत बसल्या. गवंडी लोकांनी खड्डे खणले. ज्यांना न्यायला कोणी आलं नाही त्यांना याच माणसांनी खांदा दिला. हिंदूला जाळलं, मुसलमानाला पुरलं, ज्याचं त्याला. रविवारची प्रार्थना बाहेर लिंबाखाली व्हायची, आणि मार्थाबाईंची प्रार्थना इतकी आखूड मी पुन्हा कधी ऐकली नाही. "प्रभू, बोलायला सवड न्हाई. तुला दिसून राहिलंच हाये. आमेन."

पटकी ओसरली आणि त्या वर्षीचा नाताळ आला. नाताळात प्रार्थनाघरात येशूजन्माचं नाटक व्हायचं. पण यंदा ख्रिस्ती घरांत पाळण्यातलं एकही लेकरू नव्हतं. माझी थोरली तीन महिन्यांची होती. मार्थाबाई कुंपणापाशी आल्या.

"माय, तुमचं पोरगं एका घटकेपुरतं द्या."

"पोरगं नाही, पोरगी आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "आणि कशाला?"

"देव व्हायला."

सासूबाईंच्या हातातली वात खाली पडली. "आमची मुलगी किरिस्तावांचा देव होणार?"

"देवच व्हायचं हाये, चोर न्हाई. गुंडाळल्यावर पोरगा की पोरगी कोणाला कळून राहिलं?"

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मी बरोबर येईन. उंबऱ्याबाहेर बसेन. तिला सर्दी झाली तर तुझा प्रभू आणि तू, दोघं जबाबदार."

नाटकात दूरदेशीचे तीन राजे बाळाला भेटी घेऊन येतात. एक राजा शमुवेल सुतार, दुसरा दवाखान्याचा रखवालदार. तिसरा मिळेना, म्हणून मार्थाबाईंनी जवळच्या लमाणांच्या तांड्यावरच्या नायकाला, म्हणजे त्यांच्या पुढाऱ्याला, उभा केला. त्याच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण त्यांनी सोडवलं होतं, त्यामुळे तो नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्याला कागदी मुकुट घातला, हातात उदाची डबी दिली. तर नायक म्हणाला, "राजा असून एवढुशी डबी? तांड्याचं नाव जाईल माय." आणि तो भर नाटकात जिवंत करडू घेऊन आला.

करडाने आधी गव्हाणीतलं गवत खाल्लं. मग देवदूताच्या झग्याचा काठ खायला घेतला. देवदूत झालेली शमुवेलांची नात पंख सांभाळत रडायला लागली. नायक मात्र बाळाजवळ गुडघे टेकून बसला, भाषण विसरला आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारता झाला, "लेकराचं नाव काय ठिवलं?"

मार्थाबाई पडद्याआडून कुजबुजल्या, "येशू!"

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून सासूबाई कडाडल्या, "कुसुम! आणि अहो राजे, तो दिवा लांब धरा, धूर जातोय तिच्या डोळ्यांत!" असं म्हणत त्या उंबरा ओलांडून थेट गव्हाणीपर्यंत आल्या. आल्यावर भानावर आल्या. पण तोवर सगळं प्रार्थनाघर हसत होतं, आणि मार्थाबाई पोट धरून जमिनीवर बसल्या होत्या. घरी आल्यावर सासूबाईंनी स्नान केलं, मुलीलाही घातलं. पण संक्रांतीला वाण द्यायला गेलेल्या घरी त्यांना मी स्वतः बोलताना ऐकलं आहे: "तीन तीन राजे पाया पडले आमच्या कुसुमच्या."

मग ते गडबडीचं साल आलं. इंग्रज गेले होते, आणि निजामाचं राज्य राहणार की जाणार यावरून सगळा मुलूख पेटला होता. गावोगावी हत्यारबंद टोळ्या फिरायच्या, लोक रातोरात वऱ्हाडात निघून जायचे. हे हळदीच्या अडतीवर कामाला. राजकारणाशी यांचा संबंध इतकाच, की बाजारात कोणीतरी तिरंगा हातात दिला आणि "जरा धरा" म्हणाला म्हणून यांनी धरला. तेवढ्यात अमीनसाहेब आले. देणारा पळाला, झेंडा यांच्या हातात.

अमीन म्हणजे मोठा भारदस्त माणूस. कानापर्यंत पोचलेल्या मिशा. हिरडी सुजली की मार्थाबाईंकडे यायचा आणि लहान मुलासारखा रडायचा. पण त्या दिवशी चौकीवर त्याने पायातले बूट काढून यांना त्या बुटांनी असं झोडपलं, की डाव्या कानाने यांना पुढे जन्मभर ऐकू आलं नाही. सोडल्यावर मार्थाबाईंनीच यांच्या जखमा धुतल्या. पट्ट्या बांधून झाल्यावर सासूबाईंना एवढंच म्हणाल्या, "माय, देव त्याला माफ करंल. देवाचं ते कामच हाये. मी न्हाई करणार."

आठवड्याने बातमी आली की अमीन पुन्हा धरपकड करणार, आणि त्यात यांचं नाव आहे. रविवार होता. मार्थाबाईंनी यांना आणि आणखी दोघांना प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत लपवलं. कनेरगावकडे जाणारी एक छकडा गाडी मागच्या शेतात यायची होती. ती यायच्या आधी अमीन आला. सहा शिपाई घेऊन. आम्ही दोघी सासूसुना बायकांच्या रांगेत पदर ओढून बसलो होतो.

मार्थाबाई दारात आडव्या झाल्या. "साहेब, प्रार्थना चालू हाये. जोडे काढा."

"मुझे तलाशी लेनी है, बाई."

"घ्या की. प्रार्थनेच्या मागून घ्या. तुमच्या नमाजात मी कधी बूट घालून आले का?"

अमीन कसाही असला तरी धर्मभीरू होता. त्याने बूट काढले, शिपायांनाही काढायला लावले आणि भिंतीशी हात पुढे धरून उभा राहिला. मार्थाबाईंनी डोळे मिटले.

तशी प्रार्थना पुन्हा होणे नाही. आधी त्यांनी पावसासाठी प्रार्थना केली. मग ज्वारीसाठी, हळदीसाठी, कपाशीसाठी वेगवेगळी. मग हिंगोलीतल्या घराघरासाठी, वेशीपासून सुरुवात करून. कोणाचा दमा, कोणाच्या जावयाचं रुसणं, कोणाची गाभण म्हैस. अमीनने एक डोळा उघडला. त्या लगेच म्हणाल्या, "आणि प्रभू, अमीनसाहेबांच्या हिरडीवर दया कर. वरच्या डाव्या बाजूची. आणि त्यांच्या बीबीच्या गुडघ्यावर." अमीनने डोळा मिटला. मागे कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजल्यासारखी वाटली. शमुवेल सुतारांनी प्रसंग ओळखून मोठ्याने "होय, प्रभू!" म्हटलं आणि सगळी मंडळी "होय, प्रभू! होय, प्रभू!" करत राहिली. मार्थाबाईंचा घसा बसला तेव्हा शमुवेलांनी पुढचा भाग हाती घेतला आणि नोहाच्या जहाजापासून सुरुवात केली. एक शिपाई उभ्या उभ्या घोरू लागला.

शेवटी मागच्या दाराची कडी बाहेरून दोनदा वाजली. मार्थाबाई म्हणाल्या, "आमेन." अमीनही म्हणाला, "आमीन." सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्याही म्हणाल्या. मी वळून बघितलं तर म्हणाल्या, "काय बघतेस? लेक सुटला माझा."

तलाशी झाली. मागच्या खोलीत दोन कोंबड्या सापडल्या.

पुढे सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. हे वाशीमहून परत आले. गावात गुलाल उधळला, आणि गुलाल उधळून झाल्यावर लोकांना हिशेब आठवायला लागले. अमीनची बायको तीन मुलं घेऊन मार्थाबाईंकडे आली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या कुंपणावरून उडी टाकून खुद्द अमीन आला. ज्या कुंपणावरून इतकी वर्षं लोक त्याच्या नावाने पळाले, त्याच कुंपणाने तो आत आला. मार्थाबाईंनी त्याला विहिरीचं पाणी शेंदायला आणि बाटल्या धुवायला लावलं. शमुवेलांनी त्याच्या मिशा उतरवल्या. सुताराचा हात, रंधा मारल्यासारख्या उतरवल्या.

मग मार्थाबाई कुंपणापाशी आल्या. "माय, एक बाळंतीण ठेसनावर न्यायची हाये. हैदराबादेकडं जायची हाये. तुमी संगं असल्या तर कोणी विचारणार न्हाई."

"कोण बाळंतीण?"

"अमीन."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "माझ्या लेकाचा कान घालवला त्याने."

"व्हय."

"तू म्हणाली होतीस, देव माफ करील, मी नाही करणार."

"म्हनले होते. मंग कुठं करून राहिले? माफ अजून केलं न्हाई माय. आधी पोचवून येते. माफीचं आल्यावर बघू."

"आणि बाळंतीण म्हणजे खोटं झालं. तुमच्यात खोटं पाप ना?"

"हाये. त्याचं मी आन् प्रभू बघून घिऊ. तुमी मधी पडू नका."

सासूबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मार्थाबाई हलल्या नाहीत. सूप अर्धं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या गोधड्या पुरायच्या नाहीत. घोड्याएवढा माणूस तो. माझी मोठी वाकळ ने." थोड्या वेळाने त्या स्वतःच उठल्या आणि दवाखान्यात गेल्या. तिथे खाटेवर अमीन बाळंतीण होऊन पडला होता. "बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधतात, एवढी अक्कल नाही का तुम्हा कोणाला?" असं म्हणून त्यांनी जुनेराचं फडकं त्याच्या कानांवरून गुंडाळलं आणि गाठ मारली. जरा जास्तच आवळून मारली. अमीन कळवळला. "कण्ह," सासूबाई म्हणाल्या. "स्टेशनवर असंच कण्हायचं."

स्टेशनवर ही गर्दी. गावातली तरणी पोरं डब्याडब्यात डोकावून पळणारे अंमलदार शोधत होती, आणि त्यांच्यात हेही होते. यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. ख्रिस्ती मंडळींनी खाट उचलून आणली, बाळंतिणीला आतल्या बाकावर निजवलं, बुरख्यातली बायको आणि मुलं शेजारी बसवली. कुणी भली बाई सुंठीचा लाडू खिडकीतून देऊन गेली, "पहिलटकरीण आहे वाटतं" म्हणाली. आम्ही दोघी फलाटावर खिडकीशी उभ्या होतो. मार्थाबाई डब्याच्या दारात.

हे तिथे आले. "काय गं, तुम्ही इथे?"

"बाळंतीण आहे," सासूबाई म्हणाल्या.

यांनी खिडकीतून आत बघितलं. वाकळ एका टोकाला आखूड पडली होती आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते. रुंद, केसाळ, टाचांना भेगा. ते पाय यांनी चौकीच्या फरशीवर पडल्या पडल्या जवळून बघितले होते. यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, दारातल्या मार्थाबाईंकडे बघितलं. मागून यांचे सोबती ओरडत आले, "काय आहे रे तिथं? कोण आहे?"

खिडकीची लाकडी झडप वर सरकवलेली होती. यांनी हात घालून ती खाडकन खाली ओढली.

"बाळंतीण आहे," हे म्हणाले. "वारं लागेल तिला. चला, पुढचा डबा बघू."

शिट्टी झाली. मार्थाबाई पूर्णा जंक्शनपर्यंत त्यांना सोडायला म्हणून त्या गाडीने गेल्या. तिथून मिशनने त्यांना परस्पर दुसऱ्या दवाखान्यावर बोलावून घेतलं, आणि आम्हीही वर्षाच्या आत हिंगोली सोडलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्या आहेत त्या अशाच, डब्याचं दार भरून उभ्या. गाडी हलली तसा एक माणूस बोचकं घेऊन धावत आला आणि त्यांच्या डब्याची कडी धरायला लागला. मार्थाबाईंनी छत्रीने त्याचा हात बाजूला केला. "हितं जागा न्हाई! फुडल्या डब्यात चढ, फुडल्या!" तो शिव्या देत पुढे पळाला. गाडीने वेग घेतला होता. मार्थाबाई एका हाताने दांडी धरून कमरेपासून बाहेर वाकल्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तशाच वाकून बघत राहिल्या, तो नीट चढला की नाही ते.